शेजारचा बीकर

त्यांची ओळख झाली ती एका ‘शू…’ने. प्रयोगशाळेतला तिचा पहिलाच दिवस, हातून दार धाडकन आपटलं, आणि पाण्याच्या छोट्या टाकीपुढे उभा असलेला एक उंच मुलगा ओठांवर बोट ठेवून वळला. मग हसला. झालं, बाईसाहेबांचं काम तमाम! त्याला माघारी सगळे बगळा म्हणायचे, टाकीपुढे तासन्‌तास तसाच उभा राहायचा म्हणून. टाकीतल्या कोमट पाण्यात त्याचा बीकर होता. बीकरमध्ये बोरेट नावाच्या क्षाराचं द्रावण आणि त्यात दोऱ्याला टांगलेला, वाटाण्याएवढा नितळ स्फटिक. तो आणखी वाढला की त्याचा कठीणपणा तपासायचा, त्यातून प्रकाश सोडून बघायचा. यंदा जमलं नाही तर काम दुसऱ्याला देईन, असं सरांनी बजावलं होतं.

स्फटिक तिलाही वाढवायचा होता. खिडकीजवळची टाकी तिच्यासाठी रिकामी होती. पण तिथून त्याची नुसती पाठ दिसायची… म्हणून एका दुपारी तो जेवायला गेलेला पाहून तिने आपला गारढोण बीकर त्याच्या बीकरला अगदी खेटून ठेवला. काय ही बुद्धी! टाकीचं पाणी निवलं, आणि बघता बघता त्याच्या द्रावणात बारीक कणांचा सडा पडला. नितळ स्फटिकावर खरबरीत पुटं चढली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. आपला बीकर उचलून ती चक्क पळाली.

परतली तेव्हा तो टाकीचा हीटर उघडून बसला होता. सरांची बोलणी खाऊन झाली होती, आणि हा वेडा म्हणत होता, माझंच लक्ष नव्हतं. वर तिलाच चहा विचारला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच सरांच्या खोलीत गेली, सगळं सांगितलं, यथेच्छ बोलणी खाल्ली, त्याच्यासाठी मुदत वाढवून घेतली आणि परत येऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

“हीटर चांगला आहे… मी माझा गार बीकर ठेवला होता यात.”

तो बघतच राहिला. “अहो, तुमच्यासाठी ती खिडकीजवळची टाकी होती की.”

“होती.”

“मग?”

“तिथे… तुम्ही नव्हतात.”

तिला मान वर करवेना.

“राग आलाय मला,” तो म्हणाला. आला होताच. पण त्याने चिमट्याने तळातला एक स्वच्छ कण उचलला, उजेडात धरून पाहिला आणि नव्या स्फटिकाचं बीज म्हणून दोऱ्यासकट तिच्यापुढे केला. तिने जीव मुठीत धरून गाठ मारली.

“आणि पुढच्या वेळी,” टाकीत जागा करत तो म्हणाला, “बीकर आधी कोमट करून आण.”