चार नंबरला कोण बसलंय

ही गोष्ट मला कोणी सांगितलेली नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे, आणि ती घडायला माझाच हात लागला आहे.

विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या पाया पडणार नाही. फक्त खाली 'ताई, सेन्सर खराब असेल' असं कोणी लिहू नका. सेन्सर हेच माझं काम आहे, तीन वर्षं झाली.

घाईत लिहितेय. चुका असतील.

मी जास्मिन. राहायला सावेडीत, कामाला सुपा एमआयडीसीत, कांद्याच्या एका गोदामात. नाव सांगत नाही. नोकरी अजून तिथंच आहे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

सतरा मार्च, सोमवार. टळटळीत दुपार. पावणेएक.

आधी काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गोदामाला सहा डॉक आहेत. डॉक म्हणजे छातीएवढा उंच ओटा. कंटेनर उलटा मागे येतो, त्याची पाठ ओट्याला टेकते, मग हमाल आतून गोण्या भरतात. प्रत्येक डॉकवर छपराला एक कॅमेरा आहे, खाली तोंड करून. हा कॅमेरा फोटो काढत नाही. अंतर मोजतो. खाली नुसती जमीन असेल तर सहा मीटर बारा सेंटीमीटर. कंटेनर आत सरकत येईल तसा आकडा कमी होत जातो. माणूस आला तरी होतो. डॉक मोकळा असला की बाहेर हिरवा दिवा, ड्रायव्हरने मागे यायचं. माणूस असला की लाल.

हे सगळं बसवलं ते मच्छिंद्र गेल्यावर.

मच्छिंद्र हमाल होता. मी त्याला पाहिलेलं नाही, माझ्या आधीचा. दुपारच्या सुट्टीत चार नंबरच्या ओट्याखाली, सावलीत, भिंतीला टेकून जेवायला बसायचा. एका दुपारी एक कंटेनर मागे आला. सुट्टीत खाली कोण असणार, असं ड्रायव्हरला वाटलं.

एवढंच झालं.

त्याची बायको छबूबाई. तिला कंपनीने झाडलोटीचं काम दिलं.

पूर्वी दिवे नव्हते, थाप होती. हमाल मागे उभा राहून कंटेनरच्या पत्र्यावर थाप मारायचा. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक जोराची म्हणजे थांब. एसटीच्या घंटीसारखं. दिवे आले आणि थाप बंद झाली. कंटेनरच्या मागे उभंच राहायचं नाही, असा नियम झाला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चार नंबरचा दिवा लाल व्हायला लागला.

रोज. पावणेएकला.

पंधरा-वीस मिनिटं लाल, मग आपोआप हिरवा.

आमचे गोरक्षनाथ सर सुपरवायझर आहेत. माणूस वाईट नाही, पण तोंड सुटलं की सुटलं. "मॅडम, कंटेनरची रांग हायवेला लागली. तुमचा चार नंबर रोज जेवायला बसतो का?"

सगळे हसले. मीही हसले.

मी काच पुसली. जळमटं काढली. उन्हाची तिरीप येत असेल म्हणून वर पत्रा लावला. शेवटी तीन नंबरचा कॅमेरा चारला आणि चारचा तीनला लावला.

तरी लाल… चारलाच.

मग मी केबिनमध्ये स्क्रीन मोठी करून बघितली. आमच्या स्क्रीनवर जमीन निळी दिसते, जवळचं ते पिवळं. बरोबर पावणेएकला ओट्याच्या भिंतीशी एक पिवळा ठिपका उमटला. हळूहळू त्याला आकार आला.

डोकं… खांदे… एक पाय दुमडलेला… एक पाय लांब.

उंची शहाऐंशी सेंटीमीटर. बसलेल्या माणसाची असते तेवढी.

साध्या सीसीटीव्हीत त्याच जागी काहीच नव्हतं. सिमेंट आणि कांद्याची टरफलं.

मी खाली जाऊन बघून आले. गार वाटलं. सावली आहे, गार वाटणारच. पण एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा लक्षात आली. गोदामातली कुत्री दुपारी प्रत्येक ओट्याखाली पसरलेली असतात.

चारच्या खाली एकही नव्हतं.

आता माझं खरं सांगते. मी घाबरले नाही. वैतागले. आमच्या घरी भुताखेताचं नाव काढलं की पप्पा बायबल उघडून बसतात, त्यामुळे ते शब्द माझ्या तोंडात येतच नाहीत. मला आठवड्याचा अहवाल द्यायचा होता आणि त्यात रोज तीच एक चूक दिसत होती.

म्हणून मी स्क्रीनवर त्या आकाराभोवती एक चौकोन काढला आणि कॅमेऱ्याला सांगितलं, ह्या चौकोनात जे दिसेल ते माणूस धरू नकोस.

दोन मिनिटांचं काम. दुपारी पावणेएकला दिवा हिरवा राहिला. गोरक्षनाथ सरांनी स्वतः चहा आणून दिला. तिथं खरंच कोणी बसलं तर काय, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. नियमच होता ना, मागे कोणी थांबायचं नाही.

रविवारी पावणेएकच्या सुमारास छबूबाई केबिन झाडायला आली. स्क्रीन चालूच होती. झाडू थांबला, म्हणून मी मान वर केली.

"म्याडम, ह्ये कोन बसलंय?"

"कोणी नाही मावशी. मशीन चुकतंय."

ती स्क्रीनजवळ गेली. चष्मा नव्हता, डोळे बारीक करून बघत राहिली.

"मालक हायेत ह्ये."

मी तिच्याकडे वळले.

"डावा गुडगा वळत न्हवता त्येंचा. पोतं पडलं हुतं. असाच पाय लांब करून बसायचे." तिने स्क्रीनवर त्याच्या पुढ्यातल्या जागेला बोट लावलं. "जेवायला बसल्यात. पर डबा न्हाई जवळ."

मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. मावशी, तिकडे जाऊ नका, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "तेवढं टेबलाखालचं झाडा."

तिने झाडलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सतरा तारीख.

हमाल जेवायला गेले. आवार शांत. पंख्याचा आवाज तेवढा. आसाराम नावाचा ड्रायव्हर न्हावा शेव्याहून रिकामा कंटेनर घेऊन आला होता. त्याने चार नंबरचा हिरवा दिवा बघितला आणि गाडी मागे घ्यायला लागला.

मी डबा उघडत होते. सहज सीसीटीव्हीकडे नजर गेली.

चारच्या ओट्याखाली हिरवं लुगडं होतं.

छबूबाई. भिंतीला टेकून बसलेली. पुढ्यात फडकं पसरलेलं.

दिवा हिरवाच होता. होणारच, त्या चौकोनात जे दिसेल ते माणूस धरू नकोस असं मीच सांगून ठेवलं होतं.

मी लाल बटण दाबलं. दिवा लाल झाला, पण आसाराम दुसऱ्या बाजूच्या आरशात बघत होता. कंटेनर थांबेना. स्क्रीनवर आकडा उतरत होता. तीन मीटर… दोन चाळीस… एक नव्वद…

मी जिना धावत उतरले. देवा, देवा, एवढंच तोंडात होतं. निम्म्या जिन्यावर असताना ऐकू आलं…

थाप.

एकच. पत्र्यावर, उघड्या तळहाताची, पूर्ण जोर लावून मारलेली.

ब्रेकचा आवाज झाला. मग काहीच नाही.

मी पोचले तेव्हा कंटेनर तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. आसाराम उतरून मागे आला. तिला बघितलं आणि मटकन खालीच बसला.

"ताई, थाप कोनी मारली? लई जोरात बसली. समदी गाडी हादारली."

तिथं आम्ही तिघंच होतो. हमाल सगळे शेडमध्ये. मी जिन्यावर. आणि छबूबाई तर जागची हललीच नव्हती. तिच्या मांडीवर एक भाकरी होती. शेजारी मोकळ्या जागेत, कागदावर, दुसरी वाढलेली. पिठलं आणि कांदा.

मी तिला खांद्याला धरून उठवायला लागले. ती माझ्याकडे बघत नव्हती. शेजारच्या भाकरीकडे बघत होती.

"उठले त्ये," ती म्हणाली. "घास बी घेतला न्हाई. तसंच उठले."

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्या वेळची नोंद काढली. चौकोन फक्त दिव्यापुरता होता. मूळ नोंद वेगळी साठते, तिच्यात सगळं येतं.

बारा पंचेचाळीस. तो बसलेला. शहाऐंशी सेंटीमीटर.

बारा सत्तेचाळीस. कंटेनर आत येतोय.

मग तो उठला. डावा पाय न वाकवता, भिंतीला हात टेकून, सावकाश. एकशे सत्तर सेंटीमीटर. दोन पावलं पुढे. एक हात वर गेला.

आणि कंटेनर थांबला.

मी रडले. खोटं कशाला बोलू, घाबरून नाही. बायकोसाठी उठला म्हणून रडले. मग डोळे पुसून तीच नोंद पुन्हा लावली, आणि ह्या वेळी मला ते दिसलं.

छबूबाई त्याच्या शेजारी बसलेली असायला हवी होती. सीसीटीव्हीत होती. हिरवं लुगडं, भाकरी, सगळं.

पण नोंदीत तिच्या जागी…

जमीन. सहा मीटर बारा.

मी त्याच रात्री चौकोन पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी कॅमेरा बदलला, पेटीतून नवा काढून. गोरक्षनाथ सरांना तिथं बसवलं. दिवा लाल. आसारामला बसवलं. लाल. गोदामातलं एक कुत्रं ओढून आणलं, तरी आकडा हलला.

"मावशी, तुम्ही बसा जरा."

ती बसली. दिवा… हिरवा.

"हात वर करा."

तिने दोन्ही हात वर केले. स्क्रीनवर सहा मीटर बारा. सहाही डॉकवर तेच. तिथं माणूस नाही असं मी एकदाच सांगितलं होतं, आणि तेही एका चौकोनापुरतं. त्या चौकोनात ती बसली, आणि तेवढं तिच्यापुरतं धरून ठेवलं गेलंय, असं मला वाटतं. का, ते मला विचारू नका.

गोरक्षनाथ सर म्हणाले, "लुगड्याच्या कापडाचं काहीतरी असेल, मॅडम." मी कंपनीचं जॅकेट घालून बसवलं. हिरवा.

मच्छिंद्र त्या दिवसापासून दिसलेला नाही. एकदाही नाही. तो उठला तो उठलाच.

छबूबाईला हे पटत नाही. ती रोज दोन भाकऱ्या घेऊन चार नंबरला बसते. सरांनी दटावलं, मी हातापाया पडले. "येतील की," म्हणते. "उपाशी उठल्यात." कामावरून काढायची भाषा झाली तेव्हा मीच मधे पडले. ह्या वयात ती दुसरीकडे कुठं जाणार?

म्हणून मी रोज साडेबाराला खाली जाते. ती जेवते, मी तिच्या पुढे उभी राहते. कंटेनर आला की मी थाप मारते. एक, जोराची. नियम मोडला म्हणून मला दोनदा नोटीस आली आहे. तळहात कायम लाल असतो. पप्पा विचारतात, मी सांगत नाही.

आज मी घरी आहे. कालपासून एकशे दोन ताप आहे. सकाळी स्कूटरची किल्ली घेऊन दारापर्यंत गेले, तिथंच चक्कर येऊन पडले. पप्पांनी आत आणून झोपवलं.

गोरक्षनाथ सरांना फोन करून सांगितलं, आज दुपारी चार नंबर बंद ठेवा. "बघतो," म्हणाले. "आज अकरा कंटेनर हायेत, मॅडम."

नंतर त्यांनी फोन उचललेला नाही. हमालांचे मोबाईल गेटवर जमा असतात, आणि गेटवरच्या कोणाचा नंबर माझ्याकडे नाही. केबिनचा फोन वाजतोय, पण केबिनमध्ये मीच असते.

अकरा वाजल्यापासून हे लिहितेय. शेजारी दुसऱ्या मोबाईलवर चार नंबर उघडून ठेवलाय. सीसीटीव्ही घरून दिसत नाही. फक्त आकडा दिसतो, आणि दिव्याचा रंग.

बारा वाजून एकेचाळीस मिनिटं झाली आहेत.

सहा मीटर बारा. हिरवा.

ती तिथं बसली असेल. आत्तापर्यंत फडकं सोडलं असेल.

हे वाचणारं कोणी आत्ता सुप्यात असेल, एमआयडीसीत, तर उठा. कांद्याचं गोदाम, निळं गेट, हायवेवरून रांग दिसते. गेटवर काहीही सांगा. चार नंबरला जा.

एकच थाप मारा. जोरात मारा.

आकडा कमी व्हायला लागलाय.