भरपूर म्हंजी किती

समज, मे महिन्यातली दुपार आहे आणि तू टँकरच्या केबिनमध्ये खिडकीशी बसली आहेस. सीटचं रेक्झिन पोटऱ्यांना चटका देतंय. पायाशी पिण्याच्या पाण्याचा कॅन आहे, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. आता दाराच्या आतल्या खणात हात घाल. एक जाड कार्ड लागेल. बाहेर काढू नकोस. कुठे आहे तेवढं लक्षात ठेव.

टाकीत काय भरलंय, ते अंगावर पडलं तर काय करायचं, सांडलं तर काय करायचं नाही, हे त्या कार्डावर लिहिलेलं असतं. धोक्याचा माल नेणाऱ्या ड्रायव्हरने ते वाचून, समजून घ्यायचं आणि केबिनमध्येच ठेवायचं. कुलपात नाही, स्वतःच्या खिशातही नाही. ड्रायव्हर बेशुद्ध पडला, तर जो कोणी पहिला धावत येईल त्याच्या हाताला ते लागलं पाहिजे. माणसाला बोलता येत नाही तेव्हा कागदाने बोलायचं असतं.

विशाखाला हे तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. कडुबा त्याचं नाव. तो ॲसिडचा टँकर चालवायचा. विशाखा माझ्या वर्गातली विद्यार्थिनी होती, आणि त्या दुपारची हकीगत बाप-लेकीने मला वेगवेगळी सांगितली. जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे मी तसंच ठेवलं आहे.

दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. शहरात, उस्मानपुऱ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि शहराबाहेर हर्सूलच्या पुढे मात्र नव्या इमारतींचे मजल्यावर मजले चढत होते. रस्त्यावर कुठलाही टँकर दिसला की बायका-माणसं हंडे घेऊन मागे पळायची. टाकीवर धोक्याची चौकोनी पाटी असते, आकडे असतात, फोन नंबर असतो. पण घसा कोरडा असलेलं माणूस आकडे वाचत नाही. म्हणून कडुबाने मागच्या बाजूला हातभर अक्षरांत लिहून घेतलं होतं : पाणी नाही. अक्षर विशाखाचं.

ते वाचून हर्सूलच्या नाक्यावर एक जण ओरडला होता, "मग काय दूध हाय का, मामा?"

"पी की मग," कडुबा म्हणाला, "पण आधी घरच्यांला भेटून ये."

कार्ड पहिल्यांदा मिळालं ते इंग्रजीत. कारखान्यातल्या कारकुनाला कडुबाने मराठी मागितलं, तेव्हा तो हसला होता. "इतकी वर्षं चालवतोस की. कलेक्टर व्हायचंय का आता?"

"साहेब, त्या ॲसिडला मराठी येत नाय अन् मला इंग्रजी येत नाय. मधी कुणीतरी पायजे ना."

दुसऱ्या खेपेला मराठी कार्ड मिळालं. विशाखाने ते घरी मोठ्याने वाचून वडिलांना पाठ करवलं. त्यात तिचंही पाठ झालं.

त्या दिवशी क्लिनर गावी गेलेला. शाळेला सुट्टी, म्हणून विशाखा सिल्लोडला आजीकडे, केसरबाईंकडे निघाली होती. फुलंब्री मागे पडली. रस्त्याचं काम चाललेलं, त्यात मागचं चाक एका खड्ड्यात जोरात आदळलं. थोडं पुढे जाऊन कडुबाने गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून पाहिलं. मागच्या व्हॉल्व्हमधून ॲसिड ठिबकत होतं. थेंब पडे तिथे माती फसफसत होती.

त्याने चाकांना दगड लावले. ठिबक पडत होती तिच्याभोवती मातीचा बांध घातला. लांबवर दोन्ही बाजूंनी लाल फडकी बांधली. मग फोन काढला. रेंज नव्हती.

"गाडी सोडून जायचं नसतं," तो म्हणाला. "पर नंबर तर लावावाच लागंल. मी त्या चढापस्तोर जातो, तुला दिसत ऱ्हाईन. तू हितं लिंबाखाली थांब, वारं हिकडून हाय. टाकीजवळ जायचं नाय आन् कुणाला जाऊ द्यायचं नाय. कुणी आलं तर हे दाखव." त्याने कार्ड तिच्या हातात दिलं.

तो चढावर पोचला. तिथून तो बोटाएवढा दिसत होता, फोन कानाला लावलेला.

आसपास गाव नव्हतं. कोरडा नाला होता, आणि पलीकडे नांगरून ठेवलेली, ढेकळांची रानं. विशाखाने वळून पाहिलं, तेव्हा नाल्यातून बायका वर येत होत्या.

डोक्यावर, कमरेवर जर्मनचे हंडे. घाई नव्हती. फडक्यापाशी येऊन त्या थांबल्या आणि टाकीखालच्या ओल्या डागाकडे बघत राहिल्या.

"पाणी हाय व्हय गं?" पुढची म्हणाली.

"नाय मावशी. ॲसिड हाय. मागं लिवलंय बघा."

"पाण्यावानीच दिसतंय."

"दिसतं तसंच. लांब थांबा."

"लई लांबून आलाव गं बाई."

विशाखा पुढे झाली आणि बायका व टाकी यांच्या मधोमध उभी राहिली. मोठ्या माणसांना अडवायची तिला सवय नव्हती. तिने कार्ड वर धरलं.

"आम्हाला नाय वाचता येत," बाई म्हणाली. "तू वाच."

मग तिने वर्गात वाचतात तसं वाचलं. स्पर्श करू नये. वाफ हुंगू नये. सांडलेल्या ॲसिडवर पाणी ओतू नये. बायका ऐकत होत्या. मागच्या पुढे सरकल्या, पण फडक्याच्या आत कोणी आलं नाही.

"अंगावर पडल्यास," विशाखाने वाचलं, "तो भाग ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मागे कोणीतरी हसलं.

"भरपूर म्हंजी किती गं?" पुढचीने विचारलं.

विशाखाने कार्ड पुन्हा पाहिलं. ते त्यात लिहिलं नव्हतं.

"आमच्या येळंला कुणी वाचूनच दाखवलं नव्हतं," बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने कमरेवरचा हंडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घेतला.

हंड्याची सावली जमिनीवर पडली. सावलीच्या मधोमध उन्हाचा गोल होता.

विशाखाने दुसरीच्या हंड्याची सावली पाहिली. मग तिसरीच्या.

एकाही हंड्याला तळ नव्हता.

चढावरून कडुबाला सगळं दिसत होतं. आपली पोरगी उन्हात एकटीच उभी होती, कार्ड तोंडापुढे धरून वाचत होती, एवढंच तो सांगतो. त्याला वाटलं, भीती घालवायला वाचत असेल.

कारखान्याची दुरुस्तीची गाडी आली. सम्यक नावाचा मेकॅनिक हातमोजे घालून खाली शिरला आणि व्हॉल्व्ह बंद करून बाहेर आला. फडक्यापाशी तो थबकला.

"मामा, हितं हंडे कुणी ठिवले व्हते?"

धुळीत गोल वळी उमटली होती, एकाला एक लागून. नुसत्या कडा. आतली धूळ कुठेही दबलेली नव्हती.

कडुबाने लेकीकडे पाहिलं. "कुणी आलतं का?"

"बायका."

"गेल्या?"

विशाखा केबिनमध्ये चढली, कार्ड दाराच्या खणात जागच्या जागी ठेवलं आणि पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी ओढून खाली उतरवला. अजून जवळजवळ भरलेला होता.

"अगं, सिल्लोडपस्तोर तेवढंच हाय," कडुबा म्हणाला.

ती फडक्यापाशी गेली. पहिल्या वळ्यावर कॅन तिरका करून तिने बेताने पाणी सोडलं. थांबली. एक पाऊल सरकली, दुसऱ्या वळ्यावर सोडलं. एक थेंब इकडे-तिकडे होऊ देत नव्हती, नळावर ओळीने हंडे भरावेत तशी.

त्या वर्षी पाणी मातीत ओतणं हे पाप होतं. कडुबा ओरडायला पुढे झाला, आणि मग त्याने खाली पाहिलं.

पाणी पडत होतं. माती कोरडीच होती.

तो तिथेच उभा राहिला. सम्यक मागे सरला.

कॅन संपला. वळी अजून बरीच होती.

विशाखाने कॅन उलटा करून झटकला. मग ती पुढच्या वळ्यापाशी गेली, मान वर करून रिकामा कॅन तिथे कोणाला तरी दाखवला, आणि त्याच्या पुढच्या वळ्याकडे सरकली.