उसन्या नावाचा पिंड

पितरांच्या पंधरवड्यात मी दुकान उशिरा लावते. दुकान म्हणजे काय, सरहद्दीजवळच्या सिसोफोन गावच्या बाजारात एक चूल, दोन बाकडी आणि तांदळाच्या शेवयांची टोपली. त्या वर्षीही पहिल्या दिवशी सकाळी डबा भरून विहाराकडे निघाले होते. आई चैत्रात गेली होती, तेव्हा तिचा हा पहिलाच पंधरवडा. डब्यात तिच्या आवडीचं कारल्याचं सार होतं आणि पितरांना लागतो म्हणून नारळाच्या दुधातला चिकट गोड भात. रस्ताभर चिखल होता आणि माझं सगळं लक्ष सार सांडू नये याकडे होतं.

विहारात विधी सांगायला न्येमआजोबा असतात. ताठ म्हातारा, पण जीभ फार मोकळी.

"कुणाच्या नावाने?" त्यांनी विचारलं.

"आईच्या. केसोर."

त्यांनी नाव भिक्खूंच्या कानावर घातलं, पाणी सोडलं आणि मला म्हणाले, "घरीही ताट ठेव आणि नीट नाव घेऊन बोलाव. पितर सात विहार हिंडतात. जिथे आपलं नाव ऐकू येईल तिथेच जेवतात. नाही आलं, तर उपाशी जातात आणि जाताना शिव्या घालून जातात."

"आईच्या शिव्यांची मला सवय आहे," मी म्हटलं. ते हसले. मीही हसले.

घरात आम्ही दोघीच, मी आणि आजी, आईची आई. मी पाळण्यात असताना बाबा शेतात पेरलेल्या सुरुंगावर पाय पडून गेले, मग आई आणि आजी या दोघींनीच मला वाढवलं. आई मला दिवसातून शंभरदा हाक मारायची. निमोल, मीठ आण. निमोल, मांजर बघ. कधीकधी काहीच काम नसायचं, नुसतंच 'निमोल'. मी वैतागायचे. "आई, झिजेल की गं माझं नाव." ती म्हणायची, "झिजू दे. नाव वापरायलाच असतं." तिला स्वतःला कुणी हाक मारली, की ती लांबलचक ओ द्यायची, गाणं म्हणावं तशी. आजी मात्र मला कधीच नावाने बोलवत नसे. 'अगं ए', नाहीतर 'पोरी', एवढंच.

दुपारी आईच्या फोटोपुढे ताट ठेवलं, उदबत्ती लावली, "आई, केसोर, ये, जेव," असं म्हटलं आणि दुकानावर गेले. संध्याकाळी आले तेव्हा सार तसंच होतं, वर साय धरलेली. गोड भात मात्र एका कडेने चिमटीने तोडलेला होता. भातात बोटं उमटली होती. तीन बोटं, लहान लहान.

आमच्या घरात लहान मूल नाही. शेजारचं कुणी शिरलं असेल म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ताटापाशीच बसून राहिले. लख्ख दुपार होती, आजी खांबांना बांधलेल्या झोळीत पेंगत होती. उदबत्तीची राख पडली म्हणून मी वाकले, फडक्याने पुसली आणि मान वर केली. तेवढ्यात भात तोडलेला होता. ताज्या खळग्यात नारळाचं दूध हळूहळू भरत होतं. आणि खोलीत वास सुटला होता, उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचा, धुराचा, ओल्या मातीचा. असला वास आमच्या घरात कधीच नव्हता. आजी मात्र त्या वासाने खाडकन जागी झाली.

ती झोळीतून उतरली, ताटापाशी आली, त्या बोटांच्या खुणांवरून तिने आपलं बोट फिरवलं.

"पोरी," ती अगदी हळू म्हणाली, "त्या नावाने बोलवू नकोस... ती येते. पण ती तुझी आई नाही."

मग आजीने जे सांगितलं ते चाळीस वर्षं तिच्या पोटात होतं.

लढाई संपल्यावर ती लेकीला घेऊन सरहद्द ओलांडून पलीकडच्या छावणीत गेली होती. डोंगराच्या पायथ्याशी बांबूच्या झोपड्यांचं गावच होतं ते. लेक नऊ वर्षांची. तिचं नाव केसोर. एकदा कुंपणाखालून एक मुलगी सरपटत आत आली, केसोरपेक्षा थोडी मोठी. तिची सगळी माणसं वाटेत मेली होती. तोवर छावणीची दारं बंद झाली होती आणि शिधापत्रिका नसलेलं माणूस सापडलं की पहारेकरी त्याला परत सरहद्दीवर नेऊन सोडायचे. आजीने झोपडीत जमिनीखाली खड्डा खणून तिला लपवलं. केसोर दिवसभर त्या खड्ड्यात जाऊन बसायची. दोघी कुजबुजायच्या, खिदळायच्या. मग केसोरला ताप भरला आणि ती गेली.

"मी रडले नाही," आजी म्हणाली. "रडले असते तर लोक जमले असते. पोरीची शिधापत्रिका गेली असती. हिला हाकलून दिलं असतं. मेलेल्या पोरीला नावाचा काय उपयोग, असं वाटलं तेव्हा. तिला त्याच खड्ड्यात ठेवलं, वरून माती लोटली, चूल मांडली. आणि त्या दुसरीला केसोर म्हणून दारात उभं केलं."

"म्हणजे आईला?"

"तुझ्या आईला. माझ्या पोरीसाठी ना भिक्खू आले, ना पिंड दिला. जिवंत नावाचा पिंड कसा देणार? तू काल पहिल्यांदा ते नाव घेऊन पितरांना जेवायला बोलावलंस. माझी केसोर चाळीस वर्षांनी जेवायला आली."

मग जे सुचलं ते विचारलं. "आजी, मग आईचं खरं नाव काय?"

"मी कधी विचारलं नाही." आजीने डोळे मिटले. "विचारलं असतं, तर ती परकी झाली असती."

आता ज्याची धास्ती मला बसली ती त्या लहान बोटांची नव्हती. माझी आई कुठल्याशा विहाराच्या दारात उभी होती, सगळ्यांची नावं ऐकत होती आणि तिचं नाव कुणीच घेत नव्हतं. तिचं नाव ठाऊक असलेलं माणूस जगात एकच होतं, आणि ते त्या खड्ड्यात होतं.

न्येमआजोबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोरीचा पिंड तिच्या जागेवरच द्यायला हवा. चला."

त्यांच्या भाच्याच्या गाडीतून सरहद्दीपर्यंत गेलो, बाजारासाठी मिळतो त्या एका दिवसाच्या पासावर पलीकडे शिरलो आणि भाड्याची गाडी करून डोंगराशी पोचलो. छावणीचं आता काहीही उरलेलं नाही. सगळं रान माजलंय. मध्येच सिमेंटची फुटकी टाकी दिसते, नाहीतर एखादी सरळ ओळ, जिथे कधी काळी वाट असावी. आजी काठी टेकत पुढे आणि आम्ही दोघं मागे.

"डोंगराची ती खाच उजव्या खांद्यावर आली की आमचं दार," ती म्हणाली. थोडी चालायची, डोंगराकडे बघायची, पुन्हा चालायची. एका जागी थांबली आणि मटकन खाली बसली. तिथे चारी बाजूंनी गवत कमरेएवढं होतं. आजी बसली तेवढीच जमीन साफ होती, सारवल्यासारखी.

"एक लक्षात ठेवा," न्येमआजोबा चटई अंथरत म्हणाले. "रानात कुणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. कितीही ओळखीचा आवाज असो."

उदबत्त्या लावल्या. भाताचे पिंड मांडले. आजीने पहिला पिंड हातात घेतला. "केसोर..." ती म्हणाली. "बाळा, केसोर... आईने बोलावलंय. जेव." आणि चाळीस वर्षांचं रडं एकदम बाहेर आलं. मी तिला धरलं. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती.

किडे ओरडत होते ते थांबले. डोक्यावर रणरणतं ऊन, पान हलत नव्हतं, आणि तोच वास आला, ताडपत्रीचा, धुराचा. आजीच्या हातातला पिंड एका कडेने चेपला गेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला भीती वाटायला हवी होती. पण देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यावर वाटतं तसंच काहीतरी वाटत होतं, आणि हात आपोआप जोडले गेले.

"केसोरमावशी," मी म्हणाले. तोंडून मावशीच आलं. "तुमच्या मैत्रिणीचं नाव सांगता का? ती उपाशी आहे हो."

मग जमिनीखालून, माझ्या गुडघ्यांच्या अगदी खालून, लपलेलं पोर कुजबुजतं तसा आवाज आला.

"निमोल..."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. न्येमआजोबा मान हलवत होते, नको, नको.

"निमोल... बाहेर ये ना... गेले ते..."

मी दातांखाली जीभ धरली. आणि माझ्या पाठीमागून, डोंगराच्या बाजूने, कुणीतरी ओ दिली. लहान मुलीचा आवाज होता. पण ओ लांबलचक होती, गाणं म्हणावं तशी. ती ओ मी जन्मभर ऐकली होती.

मग गवतातून पावलं धावत गेली. दोघींची. आमच्या चटईच्या दोन्ही बाजूंनी गवत वाकत गेलं आणि डोंगराकडे जाऊन सरळ झालं. आजी ओल्या चेहऱ्याने तिकडे बघत होती.

"ती हाक तुला नव्हती," न्येमआजोबा शेवटी म्हणाले.

मला कळलं होतं. आई शंभरदा कशाला हाक मारायची ते कळलं होतं. तिने आपलं नाव माझ्याकडे ठेवायला दिलं होतं आणि रोज ते आपल्याच तोंडून ऐकत होती.

अमावास्येला, पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी, मी पुन्हा डबा घेऊन विहारात गेले. न्येमआजोबा नाव घ्यायला तयार होईनात.

"जिवंत माणसाचं नाव पितरांत घालायचं नसतं, पोरी. जेवायला कोण येईल आणि जाताना कुणाला नेईल, सांगता येत नाही."

"मग मी ते नाव सोडते."

"नाव म्हणजे काय चप्पल आहे, दारात काढून ठेवायला?"

"आईने माझ्याकडे दिलं होतं, आता तिला हवंय," मी म्हटलं. "मी जेवून-खाऊन आहे, आजोबा. ती उपाशी आहे."

मग त्यांनी पाणी सोडलं आणि मी मोठ्याने म्हणाले, "निमोल. आई, ये, जेव."

त्या दुपारी घरच्या ताटातली कारल्याच्या साराची वाटी चाटूनपुसून रिकामी झाली होती. शेजारच्या गोड भातात तीन लहान बोटं होती. मी आणि आजी ताटापाशी बसून पोटभर रडलो आणि मग आम्हीही जेवलो.

आता बाजारात मला सगळे शेवयावाली ताई म्हणतात. आजीचं 'अगं ए' चालूच आहे. मला दुसरं नाव लागत नाही. फक्त जुनी गिऱ्हाइकं कधीकधी विसरतात. परवा एकीने लांबूनच हाक मारली, "निमोल, दोन वाट्या दे गं." मी शेवया सोडवत होते. मान वर केली नाही, तोंडही उघडलं नाही.

ती बाकड्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "अगं, एवढी लांबलचक ओ दिलीस, मग बघत का नाहीस?"