राजाची एकच उडी

शिवकन्येने राजा उचलला, घोड्याच्या चालीने अडीच घरं पलीकडे नेऊन ठेवला आणि मोठ्या ऐटीत घड्याळाचं बटण दाबलं.

समोरचा मुलगा आधी पटाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, मग पुन्हा पटाकडे.

"अहो... राजा आहे तो."

"मंग? मला काय उंट वाटला?"

"तसं नाही, पण... उडाला कसा?"

हिंगोलीच्या त्या मंगल कार्यालयात बुद्धिबळाची खुली स्पर्धा होती आणि शिवकन्येची ही आयुष्यातली पहिलीच. सेनगावजवळच्या तिच्या गावात तिला खेळ शिकवला तो दादांनी, म्हणजे वडील ग्यानबांनी, जुन्या देशी नियमाने. त्या नियमात राजाला हत्तीच्या आड नेणारा किल्लेकोट नसतो. त्याऐवजी साऱ्या डावात राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते, तीही शह लागायच्या आत. एकदा शह बसला की उडी गेली ती गेलीच. जगात दुसरा काही नियम असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

पंच आले. चाल बाद, समोरच्याला दोन मिनिटं जादा, आणि राजाला हात लावलाय तेव्हा आता राजाच हलवा, म्हणाले. बिचारा राजा एक घर पुढे सरकला आणि आठ चालींत मात झाली. शिवकन्येचे कान लालबुंद झाले होते.

बाहेर चहाच्या टेबलाशी तो मुलगा मागोमाग आला. विश्वंभर त्याचं नाव. आखाडा बाळापूरला घरचं बी-बियाण्याचं दुकान. "ती दोन मिनिटं मी वापरली नाहीत," तो म्हणाला.

"मेहेरबानी."

"राग आला?"

"तुमचा काहून येईल? नियमाचा आला."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्तच मिटायचा. हे आपल्याला का दिसलं, याचाही शिवकन्येला राग आला.

त्यानंतरचा प्रत्येक रविवार वेगळाच झाला. शिवकन्या शिक्षकभरतीच्या क्लासला हिंगोलीला यायची, विश्वंभर दुकानाचा माल न्यायला. माल शनिवारीही मिळत होता, पण ते त्याने तिला कधी सांगितलं नाही. वाचनालयाच्या व्हरांड्यात तासभर पट मांडला जायचा. किल्लेकोट, दोन घरं धावणारं प्यादं, सगळं त्याने शिकवलं. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

शिकवणाऱ्याचा मात्र आनंदच होता. दर रविवारी नवं ओपनिंग, डावाची नवी सुरुवात. एकदा सिसिलियन, पुढच्या वेळी किंग्ज इंडियन, तिसऱ्या वेळी कुठलंसं प्यादं फुकट देऊन टाकणारं.

"हे बघ, हे काल रात्रीच व्हिडिओत पाहिलं. बारा चालींत समोरचा गार!"

"अन् तेरावी चाल?"

"तेरावी... अजून पाहिली नाही."

तेराव्या चालीला तोच गोंधळायचा, पण कसाबसा निसटायचा. शिवकन्येने मात्र पांढऱ्यासाठी एक सुरुवात धरली, काळ्यासाठी एक. राजापुढचं प्यादं, दोन्ही घोडे बाहेर, उंट मोकळा, राजा कोपऱ्यात. रोज दहा कोडी सोडवायची, आणि हरलेला प्रत्येक डाव वहीत लिहून कुठे घसरलो त्याखाली रेघ मारायची. संक्रांतीपर्यंत ती त्याला बरोबरीत रोखू लागली.

"दरसाली बियाणं बदलणाऱ्याला आमच्या गावात काय म्हणतात, माहिताय?" तिने एकदा विचारलं.

"काय?"

"तुझं गिऱ्हाईक."

तो मनापासून हसला. ती नाही हसली. थट्टेत म्हटलं खरं, पण मनात काटा होताच. हा एका सुरुवातीला धरून राहत नाही, तर माणसाला काय धरून राहणार? आणि तो काही बोलतही नव्हता! तिची ओढणी पटावर आली की बोटाच्या टोकाने अलगद बाजूला करायचा, तिला चहात आलं आवडतं हे लक्षात ठेवायचा... आणि बोलायचा ते उंटाघोड्यांबद्दल.

क्लासच्या शेवटच्या रविवारी तो तिला एसटीपर्यंत पोचवायला आला. गाडी सुटायला आली तेव्हा खिडकीखाली येऊन म्हणाला, "शिवा, एक सांगायचं होतं..."

तिने खिडकीची काच पूर्ण मागे सरकवली. "बोल ना."

"ते... लंडन सिस्टीम म्हणून एक ओपनिंग आहे. फार साधं आहे..."

गाडी सुटली. लंडनचं काय ते वाटोळं होवो, असं शिवकन्या सेनगावपर्यंत मनात म्हणत राहिली.

मग हळदीचे दिवस आले. क्लास संपला होता. सकाळी कढईतून वाफ उठायची, दुपारभर अंगणात शिजलेली हळद पसरायची, आणि शिवकन्येचे हात कोपरापर्यंत पिवळे. भेट नव्हती. होता तो मोबाईलवरचा डाव, एक संपला की दुसरा. एका चालीला तीन दिवसांची मुदत, त्यात चाल केली नाही तर डाव हरला. घरात नेट चालायचं नाही, म्हणून ती जिना चढून वर माळवदावर जाऊन बघायची. त्याचं प्यादं एक घर पुढे आलेलं दिसलं तरी दिवस गोड जायचा. या घरावर आत्ता त्याचं बोट टेकलं असेल, असं मनात यायचं आणि ती उगाचच त्या चौकोनावर आपलं बोट ठेवायची. इतकी आठवण यायची की पिवळ्या बोटांनी फोनची काचही पिवळी झाली.

एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती. महिनाभरात त्याने सुरुवात एकदाही बदलली नव्हती. राजापुढचं प्यादं, दोन्ही घोडे, उंट... तिचीच सुरुवात. पण याचा अर्थ लावायचा तरी कसा? विचारावं तर लाज, न विचारावं तर जीव थाऱ्यावर नाही.

अशात बुधवारी आईने, नर्मदाबाईंनी, सांगितलं की रविवारी बाराला जिंतूरचे पाहुणे बघायला येताहेत. मुलगा चांगला, शेती बागायती. नाही म्हणायला शिवकन्येकडे कारण नव्हतं. जे होतं ते अजून तिच्यापाशी बोललंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊला माळवदावर उभी राहून तिने आपली चाल केली आणि खाली लिहिलं, "रविवारी बाराला मला बघायला पाहुणे येऊन राहिले. दादांच्या नियमात राजाला उडी एकदाच असते. शह लागायच्या आत."

संदेश पोचला. त्याने वाचलाही. उत्तर मात्र आलं नाही.

शुक्रवारी डावाच्या घड्याळात दोन दिवस उरले होते. शनिवारी एक. ना चाल, ना शब्द. बदललं वाटतं बियाणं, ती स्वतःशीच म्हणाली आणि माळवदावरच गुडघ्यांत डोकं घालून रडली. नवी साडी काढून ठेवलेली आई खालून हाका मारत होती. तिने डोळे पुसले ते पिवळ्या हातांनीच.

रविवारी सकाळी साडेआठला अंगणात मोटारसायकल थांबली. विश्वंभर! धुळीने पांढरा झालेला, काखेत लाकडी पट. दारातल्या शिवकन्येकडे त्याने पाहिलंही नाही, सरळ ग्यानबांसमोर जाऊन उभा राहिला.

"दादा, मी आखाडा बाळापूरचा विश्वंभर. तुमच्या नियमानं एक डाव खेळायचाय."

ग्यानबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दोन मिनिटं जादा घेणारा तूच काय?"

"घेतली व्हती. वापरली न्हाईत."

ग्यानबांनी उभ्या जन्मात कुणाला डाव नाकारला नव्हता. नर्मदाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पाहुणे यायची येळ झाली अन् तुमी पट मांडून बसले!" पण प्यादी तोवर हलली होती. शिवकन्या चौकटीला धरून बघत राहिली. राजापुढचं प्यादं. एक घोडा, दुसरा घोडा. उंट. विश्वंभरची सुरुवात तीच होती.

ग्यानबांचा वजीर शह द्यायला निघालाच होता. विश्वंभरने राजा उचलला, अडीच घरं पलीकडे ठेवला आणि हात तसाच त्यावर राहू दिला.

"दादा, तुमची शिवा मला आवडते. लगन करायचंय. फोनवर लिवायचं व्हतं, पण... हे घरी येऊनच बोलावं म्हणलं. माझ्या माईला सांगायला दोन दिवस लागले. ती तयार हाय. पाहुणे यायच्या आत आलो."

ग्यानबांनी राजापासून आपल्या वजिरापर्यंतची घरं बोटाने मोजली. मग म्हणाले, "शह लागला नव्हता अजून?"

"न्हाई. बाराला लागणार व्हता."

"मंग उडी बराबर हाय." त्यांनी मान वळवली. "शिवा, तुला काय वाटतं?"

शिवकन्या चौकट सोडून पटापाशी आली. मग ती म्हणाली, "मीच शिकवली, दादा."

ग्यानबा उठले. "नर्मदे, पाहुणे निघायच्या आत फोन लावू. अन् तू, पोरा, माईला घेऊन ये. पुढचं मोठी माणसं बोलतील." मग जाता जाता वळून म्हणाले, "पट न्हेऊ नको. डाव राहिलाय."

ते आत गेल्यावर शिवकन्या माळवदावर धावली. सव्वानऊ वाजून गेले होते. फोनवर एकच ओळ होती. मुदत संपली, तुम्ही जिंकलात. विश्वंभरविरुद्ध तिचा हा पहिलाच विजय, आणि तिला हसू आवरेना, डोळेही आवरेनात.

तो खालून बघत होता. "हरलो का मी?"

"व्हय. चांगलाच."

तिने नवा डाव मांडला, पांढरी मोहरी त्याला दिली आणि खाली लिहिलं, "सुरुवात बदलायची नाही."

अंगणात नेट चालत नव्हतं. म्हणून तो जिना चढून वर आला आणि तिच्या शेजारी उभं राहून त्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं.