लिंपलेली ढोली

कुऱ्हाड पाडायची आणि परत यायचं, एवढंच काम होतं. चुलीवरचा चहा उतू जायच्या आत होईल असं.

मी वनरक्षक, राजेश्वरी. माहेर आष्ट्याकडचं, उसातलं. दोन्ही भाऊ फौजेत आणि मी पाटणच्या वरच्या अंगाला, जंगलात. भाऊ चिडवतात, "आमी बॉर्डरवर आन् तू माकडांवर पहारा देतीस." चिडवू देत. इथल्या वाडीला हिरड्याच्या फांद्या न तोडता फळं वेचायची सवय लावता लावता माझे कितीतरी पावसाळे गेलेत. चिकाटी काय असते ते मला कुणी शिकवू नये.

वाडीच्या माथ्यावर वाघजाईची राई आहे. चपला बाहेर काढून आत जायचं आणि वाळलेलं पानसुद्धा बाहेर आणायचं नाही. देवळासाठीच लाकूड हवं असेल तर एक रीत आहे. संध्याकाळी देवीच्या गुरवानं, नानासोनं, झाडाला कुऱ्हाड टेकवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मावळतीपर्यंत ती उभी राहिली तर देवीनं झाड दिलं, पडली तर दिलं नाही. पण मधेच कुणी एक घाव जरी घातला, तरी ते झाड गेलंच. घाव लागलेलं झाड देवी परत घेत नाही.

त्या चैत्रात कुऱ्हाड टेकली ती थोरल्या बेहड्याला. फाल्गुनात दरसालसारखी त्याची पानं झडली होती. तेवढ्यात फोटो काढून, झाड वाळलंय असं दाखवून इंद्रजितनं तोडायची परवानगीही आणली होती. इंद्रजित गावातला कर्ता पोरगा, देवळाचं बांधकाम त्याच्याच अंगावर. माणूस वाईट नव्हता, पण डोक्यात एकदा काही शिरलं की संपलं. त्या बाबतीत आम्ही सारखेच.

"आत धनेशाची मादी बसलीय," मी त्याला आदल्या संध्याकाळी सांगितलं. "ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलंय तिनं. नुसती चोचीपुरती फट ठेवलीय. नर चारतोय म्हणून ती आणि पिल्लू जगतंय. झाड पडलं तर दोघं आतच मरतील. पिल्लू उडेपर्यंत थांब."

"मॅडम, वैशाखात कळस चढवायचा हाय. देवीचं झाड, देवीच्याच देवळाला. तुमचं काय जातंय?"

परवानगी रद्द करण्याचा माझा अर्ज वर गेला होता, उत्तर आलं नव्हतं. म्हणून ठरवलं, देवीच्या वतीनं कुऱ्हाड मीच पाडणार. पाप लागलं तर लागू दे.

दुपार टळटळीत होती. राईच्या वेशीवर इंद्रजितच्या चपला दिसल्या. म्हणजे गडी राखणीला येऊन बसला होता. मीही चपला काढून आत शिरले. आत ऊन येत नाही. कुजलेल्या पाल्याचा ओला वास आणि पायाखाली गार माती. नेहमी किरकिरणारे रातकिडे त्या दिवशी गप्प होते.

बेहड्यापाशी कुणी नव्हतं. कुऱ्हाड उभी होती. वर नर आला, फटीत एकेक उंबर सारलं आणि पंखांचा मोठा आवाज करत निघून गेला. मी कुऱ्हाडीकडे हात नेला आणि थबकले.

बुंध्याशी माणूस बसेल एवढी आणखी एक ढोली आहे. पावसात मी कितीदा तिच्यात उभी राहिलेय. ती आता लिंपलेली होती. ताजी, ओली माती, आणि मधोमध बोटभर फट.

"मॅडम..."

आवाज आतून आला. इंद्रजितचा.

"मॅडम, मला भायेर काढा... लय अंधार हाय..."

"इंद्रजित? आत कसा गेलास रं?"

"कुऱ्हाड घ्या... फोडा... दम कोंडतोय..."

मी कुऱ्हाड उचललीसुद्धा. पातं खांद्यावर आलं, तेव्हा वर मादीनं आतून हलकेच टकटक केलं. हा घाव मातीत बसेलच असं नव्हतं, झाडाला लागला तर सगळं संपलं. मी कुऱ्हाड होती तशी टेकवली, पाडायचं भानच नव्हतं, आणि नखांनी माती उकरू लागले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण माणूस मरू द्यायचा नव्हता आणि पाखरूही.

"हातानं नगं... कुऱ्हाड घ्या..."

मूठभर भोक पडलं. आतून उबदार, उंबरासारखा गोड वास आला.

"मॅडम, कुणासंगं बोलताय?"

मी वळले. मागे इंद्रजित उभा होता. तोंड ओलं, हातात पाण्याची बाटली. झऱ्यावर पाणी प्यायला गेला होता.

आणि त्याच वेळी आतून त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "त्यो आला व्हय? त्याला सांगा... त्यो घाव घालंल..."

इंद्रजितचा चेहरा पांढराफटक पडला. मी केलेल्या भोकावर आतून थप, थप असा आवाज झाला. ओली माती लागत गेली आणि आमच्या डोळ्यांदेखत भोक बुजलं. फट तेवढी राहिली.

इंद्रजित पुढे झाला. त्यानं कुऱ्हाड दोन्ही हातांनी उचलली आणि आवाज न करता पाल्यावर आडवी ठेवली.

"पडली म्हनून सांगतो," तो कुजबुजला. "नानासो गुरवालाबी आन् गावालाबी. देवी न्हाई म्हनली."

देवळाला लोखंडी खांब बसले. वैशाखात मादी लिंपण फोडून बाहेर आली, पिल्लू उडालं. मी रडले त्या दिवशी, उभ्या उभ्या. वरची ढोली आता मोकळी आहे. खालची नाही. ती मी पुन्हा उकरली नाही. जे काय असेल ते माझ्या राईत आहे, आणि राईतल्या सगळ्यांची राखण माझ्याकडे आहे.

नर अजून रोज दुपारी येतो. वर बघतसुद्धा नाही. बुंध्याशी उतरतो आणि खालच्या फटीत एकेक उंबर सारतो. आतून ते कुणीतरी अलगद ओढून घेतं.

साहेब फोनवर विचारतात, "उडालं ना पिल्लू? मग त्या झाडाचा पहारा काढायचा का?"

"नको, सर," मी सांगते. "अजून एकजण आत आहे."