न विरणारे हादरे

कलिंगडाची फोड हातात घेऊनच चिझुरू टेबलाखाली घुसली. तिच्यामागोमाग तिचा आतेभाऊ तेप्पेई आणि शेजारची मिओही आत शिरले. कपाट खडखडलं, दिवा हेलकावला आणि स्थिर झाला.

"हे वसंतातल्या मोठ्या भूकंपाचं शेपूट आहे," बाहेरून आजोबा म्हणाले. "सगळे तेच म्हणतात."

चिझुरूला ते पटेना. मोठ्या धक्क्यामागचे हादरे लाह्यांसारखे असतात. आधी तडतड, मग तुरळक, मग एखादाच. वसंतात तसंच झालं होतं. मग उन्हाळ्यात पुन्हा तडतड का? पाळणाघरामागची दगडी भिंत तर आता पोट काढून उभी होती.

तिने आजोबांच्या 'गो' या पटावरच्या खेळाचा डबा उपसला. खोऱ्याचा नकाशा जमिनीवर पसरला आणि फोनवर बघून प्रत्येक हादऱ्याच्या जागी ती सोंगटी ठेवू लागली. वसंतातल्याला काळी, या उन्हाळ्यातल्याला पांढरी. काळ्या सोंगट्या खोरंभर सांडल्या. पांढऱ्यांनी मात्र देवळामागे गर्दी केली, जमिनीतल्या वाफेवर वीज करणाऱ्या नव्या केंद्रापाशी.

"आणि ओबोनला एकही नाही," मिओ म्हणाली. "पूर्वजांच्या सणाला हादरेसुद्धा आपापल्या घरी गेले वाटतं."

"हादरे नाही गं, केंद्रातले कामगार गेले होते," चिझुरू म्हणाली.

केंद्राचे व्यवस्थापक कुराताकाका यांनी गावसभेत ठासून सांगितलं होतं, 'जमिनीत आम्ही काही सोडत नाही.' सरळ विचारून उपयोग नव्हता. चिझुरू गावप्रमुख ओकानोबाईंना घेऊन फाटकामागे थांबली आणि तेप्पेई भोळा चेहरा करून पुढे गेला.

"काका, उरलेलं गरम पाणी तुम्ही नदीत सोडता ना? आमचे मासे मरतील हो."

कुराताकाका लालबुंद झाले. "कोण म्हणतं? एक थेंब नदीत जात नाही. सगळं पंपाने परत जमिनीत दाबतो. या उन्हाळ्यात तर जोरही वाढवलाय."

"रोज?"

"रोज. ओबोन सोडून."

"सभेत वेगळं ऐकलं होतं आम्ही," ओकानोबाई फाटकातून आत येत म्हणाल्या.

चिझुरूने फोनमधला सोंगट्यांचा फोटो पुढे केला. कुराताकाकांनी तो डोळ्यांजवळ धरला. "मी शेपूटच समजत होतो," ते पुटपुटले. "लोक उगाच घाबरतील म्हणून बोललो नाही."

त्याच संध्याकाळी पंप बंद झाला. पण हादरे थांबले नाहीत.

"आता बोला," कुराताकाका म्हणाले.

"विस्तव काढला तरी कढई लगेच निवत नाही," चिझुरू म्हणाली. तिने हट्ट सोडला नाही. "तोवर पाळणाघर समाजमंदिरात हलवा."

चार आया कुरकुरल्या, पण ओकानोबाईंनी पाळणाघर हलवलं. दोनच दिवसांनी, भर दुपारी जमीन कडाडली आणि भिंत कोसळली. घसरगुंडी, झोका, सगळं दगडांखाली गेलं. अंगणात एकही मूल नव्हतं.

पुढे हादरे विरत गेले. विद्यापीठातून आलेल्या तज्ज्ञबाईंनी सारं तपासलं. "मुलांचं निदान बरोबर होतं," त्या म्हणाल्या. कुराताकाकांनी तिघांपुढे कमरेतून वाकून माफी मागितली. मिओला काय करावं कळेना, म्हणून तीही वाकली.

आजोबा मात्र दगडांच्या ढिगाशी उभे होते. चिझुरू जवळ गेली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आमचं ऐकलं नाहीस," ते म्हणाले, "ते फार बरं केलंस पोरी."