वाऱ्याची बाजू

सायकलला मीटर बसवून देण्यात घाबरण्यासारखं काय असतं? माझ्या दुकानात आठवड्याला चारदोन जण तरी येतात. "लिव्ह, आकडाच दिसत नाही." "लिव्ह, आकडा भलताच दाखवतोय." त्यांची कॉफी निवायच्या आत मी त्यांना मार्गी लावते. चाक धरणाऱ्या चिमट्यावर सेन्सर, चाकाच्या आऱ्यावर चुंबक, हँडलवर मीटर. चाक फिरलं की चुंबक सेन्सरसमोरून जातं, सेन्सर मीटरला बिनतारी खबर देतो आणि मीटर वेग दाखवतो. बिघाड या तिघांपैकी एकातच असतो, हे मी आयुष्यभर छातीठोकपणे सांगत आले. आजही सांगते. नेलेच्या मीटरचा विषय निघाला की आवाज थोडा खाली येतो, एवढंच.

नेले म्हणजे आमच्या क्लबातल्या कामिलची मुलगी. एकोणीस वर्षांची, काटक आणि बापासारखीच हट्टी. मागच्या शरदात, शेतांतून साखरेचं बीट वाहून नेणाऱ्या ट्रकांची वर्दळ सुरू झाली तेव्हा कामिल त्यातल्याच एका ट्रकखाली गेला. कालव्याकाठची सायकलवाट पॉपलरच्या उंच झाडांच्या रांगेतून निघते आणि एकदम मोठ्या रस्त्याला मिळते, तिथं. तो जराही वेग कमी न करता रस्त्यावर आला, असं तो ट्रकवाला रडत सांगत होता. कामिल तर ती वाट डोळे मिटून गेला असता. मग थांबला का नाही, ते कुणालाच कळलं नाही.

आमचा मुलूख ताटासारखा सपाट. समुद्राकडून वारा सुटला की त्याला अडवायला काही नसतं. म्हणून इथं माणसाची पारख वाऱ्यात होते. स्वतः वाऱ्याच्या बाजूला राहून जो दुसऱ्याला आडोसा देतो, त्याच्याबद्दल आम्ही म्हणतो, 'हा आपल्या माणसांना वाऱ्याआड घेतो.' यापेक्षा मोठी शाबासकी आमच्या बोलीत नाही. नेले लहान होती तेव्हापासून कामिल तिच्या डाव्या अंगाला सायकल चालवायचा, समुद्र त्या बाजूला म्हणून. त्याच्या शोकपत्रिकेवरही तेवढंच छापलं होतं, की त्यानं आपल्या माणसांना वाऱ्याआड ठेवलं.

तर अशी ती नेले एका शनिवारी दुपारी सायकल घेऊन दुकानात आली. हीटरजवळ आमच्या क्लबाचा म्हातारा अध्यक्ष फिर्मिन कॉफीत बिस्किट बुडवत बसला होता. बसायला येतो तो, घ्यायला कधीच काही येत नाही.

"लिव्हमावशी, हा पपांचा मीटर. माझ्या सायकलला जमवून दे."

मीटर मी ओळखला. मीच विकलेला, जुन्या धाटणीचा. कामिलचं चाक, चिमटा आणि त्यावरचा सेन्सर ट्रकखाली भुगा झाले होते. हा तेवढा बाजूच्या गवतात पडून वाचला होता. काचेवर एक आडवा ओरखडा, बाकी ठणठणीत.

"नवा घे ना ग," मी म्हणाले. "हे जुने मीटर भोळे असतात. शेजारून दुसरी सायकल गेली तर तिचाच वेग आपला म्हणून दाखवतात."

"मला हाच हवाय."

फिर्मिन म्हणाला, "देऊन टाक लावून. नाहीतर बापासारखी दारात ठाण मांडून बसेल."

मी सायकल स्टँडवर चढवली. नवा सेन्सर बसवला, चुंबक त्याच्यासमोर आणलं, मधे नाणं जाईल एवढी फट ठेवली. मीटरमध्ये नवा सेल घातला. आकडा उमटला: ताशी एकतीस.

चाक जागच्या जागी होतं.

"हं," मी म्हणाले. मला गंमतच वाटली. अशा वेळी काय पाहायचं ते ठरलेलं असतं. मी वरची ट्यूबलाइट बंद केली. फोनचा चार्जर काढला. मागच्या कुरणात गाईंसाठी विजेची तार आहे, तिचा त्रास कधीकधी होतो. फिर्मिनला पाठवून तीही बंद करायला लावली. तो कुरकुरत चिखलात जाऊन आला. आकडा तोच. मग मी फिर्मिनची सायकल दारातून हलवून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली. एकतीस. मी चाक हातानं जोरात फिरवलं, मग थांबवलं. आकड्याला त्याचं काही नव्हतं. ना चढला, ना उतरला.

शेवटी मी तो नवा सेन्सरच काढला, त्यातला सेल काढून खिशात टाकला. आता मीटरशी बोलणारं दुकानात काहीच उरलं नव्हतं.

एकतीस.

रबराच्या वासाच्या त्या खोलीत हीटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. फिर्मिननं बुडवलेलं बिस्किट कपात तुटून पडलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"लिव्ह... हा ऐकतो किती लांबचं?"

"हातभर," मी म्हणाले. "फार तर हातभर."

आम्ही दोघंही सायकलच्या डाव्या बाजूला पाहत होतो. तिथं टायर टांगलेली भिंत होती, आणि मधे रिकामी जागा.

नेले मात्र हसत होती. "बिघाड नाही ना? मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. महिनाभर मी हा नुसताच हँडलला लावून फिरतेय, सेन्सरबिन्सर काही नाही. हा एकतीस दाखवतो, मी त्याच्या बरोबरीनं जाते. आधी दम लागायचा, आता नाही लागत. आणि मावशी, डावीकडून मला वाराच लागत नाही. ते मला वाऱ्याआड घेतात."

"कुठल्या वाटेनं जातेस?"

"कालव्याच्या. दुसऱ्या कुठल्या वाटेवर आकडा टिकतच नाही. तुझं दुकानही कालव्याकाठीच ना."

"आणि रस्त्याला पोचतेस तेव्हा?"

"तेवढा तग कुठे धरते मी अजून... पॉपलर लागले की मागे पडते. पण जमेल. आता जमायलाच आलंय."

मला भुतांचं भय नाही. पण ते ऐकून मी हातातला पाना खाली ठेवला. या पोरीला मी तीनचाकीपासून सायकली दिल्या आहेत.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," मी म्हणाले. "बघू तुझा बाप मला मागे टाकतो का."

रविवारी सकाळी वारा मी म्हणत होता. कालव्याचं पाणी करडं, बांधावरचं गवत आडवं झालेलं, हवेत ओल्या मातीचा आणि कुजक्या बीटपाल्याचा वास. नेले पुढं, मी तिच्या मागं. माझं जाकीट कानाशी फडफडत होतं. तिचं जाकीट मात्र बंद खोलीत असावं तसं पाठीला चिकटून स्थिर होतं. मी थोडी डावीकडे सरकून पाहिलं, कामिल जिथं असायला हवा होता त्याच्या मागं... आणि माझ्या कानांतला वारा बंद झाला. चालत्या सायकलीच्या आडोशात असतो तसा ऊबदार, घामाच्या वासाचा पोकळपणा. मी झटकन परत उजवीकडे आले.

पॉपलर लागले. झाडांपलीकडून ट्रकची घरघर यायला लागली. "नेले, ब्रेक!" मी ओरडले. ती मीटरकडे पाहत होती, रस्त्याकडे नाही. मान खाली, आणि पाय कसे, तर तिला कुणी पाठीवर हात ठेवून ढकलत असावं तसे हलके.

तरुणपणी मी शर्यतीत शेवटच्या वळणावर भल्याभल्यांना गाठलंय. त्या सगळ्या वळणांचं मिळून जेवढं बळ होतं ते मी पायांत आणलं, तिच्या जाकिटाची कॉलर पकडली आणि तिला घेऊन खाजऱ्या झुडपात कोसळले. बीटनं भरलेला ट्रक समोरून धडधडत गेला. त्यातलं एक बीट उसळून आमच्या पायाशी येऊन पडलं.

नेलेची सायकल आडवी पडली होती. मीटरवर एकतीस होता. मग काच एकदम कोरी झाली.

"ते थांबले नाहीत," नेले म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मावशी... ते मला मारणार होते?"

"वेडी आहेस का?" मी तिला जवळ घेतलं. माझ्या सगळ्या अंगाची आग आग होत होती, पण डोकं शाबूत होतं. "नीट ऐक. उभ्या सायकलजवळसुद्धा त्याचा आकडा एकतीसच असतो. चढत नाही, उतरत नाही. म्हणजे तो त्या दिवशीचा शेवटचा तुकडा आहे, अडकलेला. त्याला थांबता येत नाही ग. आपण मेलोय हेच त्याला ठाऊक नाही. तो त्याच्या परीनं तुला वाऱ्याआडच घेतोय."

ती खूप रडली. मग मान हलवली. मी दुकानात येऊन तिला नवा मीटर बसवला, ज्याला आपल्या सेन्सरची खूण एकदा पटली की दुसऱ्या कुणाचं तो ऐकतच नाही. खूण पटवताना आसपास दुसरा सायकलवाला असू नये असा नियम आहे. म्हणून तिला कालव्यापासून दूर, चर्चच्या पटांगणात नेऊन ती खूण पटवली. चाक थांबलं की आकडा शून्य, चाक फिरलं की बरोबर तेवढाच. जुना मीटर मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. कालव्याची वाट सोडायचं तिनं कबूल केलं. बिघाड दूर झाला, असं मी फिर्मिनला सांगितलं, आणि मला तसं खरंच वाटत होतं.

दोन आठवड्यांनी संध्याकाळी नेले सायकल ढकलत धावतपळत दुकानात शिरली. बाहेर समुद्राकडून आडवा पाऊस झोडपत होता.

"मावशी, मला संघात घेतलं! वसंतातल्या पहिल्या शर्यतीत मी आहे!"

फिर्मिननं तिला मिठी मारली आणि मागे होऊन हसला. "अग, पण हे काय? पाऊस आज एकाच अंगानं पडतोय की काय?"

मी पाहिलं. तिची उजवी बाही ओलीचिंब होती, उजव्या मोज्यातून पाणी गळत होतं. डावा खांदा, डावी बाही, डाव्या मांडीपर्यंतचं कापड सगळं कोरडं ठाक. पाऊस डावीकडून येत होता.

"कुठल्या वाटेनं आलीस?" मी विचारलं.

"मोठ्या रस्त्यानंच. शप्पथ!" ती म्हणाली. "मीटर मस्त चालतोय."

मीटर मस्तच चालत असणार. मीच बसवला होता. त्याला मी शिकवलं होतं की दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही.

 मी डबा उघडला, जुना मीटर काढला आणि तिच्या हँडलवर नव्याच्या शेजारी बसवला.  म्हटलं, तो सोबत असणारच असेल तर निदान आपल्याला दिसू दे. हा आकडा दिसला की ब्रेक लावायचा, एवढं पोरीला शिकवलं की झालं. यातूनही वाट निघेल.

काचेवर एकतीस उमटला. अपेक्षाच होती.

मग तो सव्वीस झाला. एकोणीस झाला. अकरा, सहा, दोन... दारात येऊन कुणी अलगद ब्रेक दाबावा तसा आकडा शून्यावर आला आणि तिथंच थांबला.

"बघ, बंद पडला ना!" नेले म्हणाली.

फिर्मिननं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं.

कामिलला थांबता येत होतं.